रेघ नसलेले अंगठे

तानीबाई मला कधीच आवडली नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं अशी रीत आहे, म्हणून तिच्या पुण्यानुमोदनाला मीही चार गोड शब्द बोलून आलो. ते खोटे होते. बाई भांडकुदळ होती. नळावर भांडायची, एस.टी.त भांडायची, भांडायला कुणी नसलं तर कोंबड्यांशी भांडायची. तिच्या दारावरून जाताना गल्लीतली माणसं पाय उचलून चालायची. पण तिच्या तोंडाला जी धार होती, तिच्यातली थोडी मी लावून दिलेली आहे, आणि ते कुणी लिहिणार नाही म्हणून मीच लिहितो.

आमचं गाव निपाणीपासून चार मैलांवर, हमरस्ता सोडून आत. गावातल्या बायका घरोघरी विड्या वळायच्या. माझी आई लक्ष्मीबाई आणि तानीबाई एकाच ओट्यावर, मांडीवर सूप घेऊन बसायच्या. सुपात तंबाखू, कापलेली पानं आणि दोरा. अंगठा नि शेजारचं बोट दिवसभर पानावर घासायचं. त्या सुपावर मी मॅट्रिक झालो आणि शहात्तर साली तालुक्याच्या गावी आरोग्य खात्यात कारकून म्हणून चिकटलो. चिकटलो हाच शब्द बरोबर आहे. पायजम्याची पँट झाली, मराठीची कानडी झाली आणि गल्लीतलं कुणी ऑफिसच्या दारात दिसलं की मी मागच्या दारानं चहाला जायला लागलो.

अठ्ठ्याहत्तर साली वरून परिपत्रक आलं. खेड्यातल्या दवाखान्यांबद्दल जनतेची मतं मागवावीत, गाऱ्हाणी आल्यास तीन महिन्यांत निकाली काढावीत. प्रत्येक दवाखान्यात एक लाकडी पेटी लावायची होती. आमच्या गावच्या दवाखान्यात ती लावली भरमू कंपौंडरनं, स्वतःच्या खुर्चीमागच्या भिंतीवर. किल्ली त्याच्याच कमरेच्या करगोट्याला. तीन आठवड्यांनी पेटी उघडली तेव्हा आत एस.टी.ची तिकिटं, विड्यांची दोन थोटकं आणि 'कंपौंडर देवमाणूस आहे' अशी एक चिठ्ठी निघाली. अक्षर देवमाणसाचंच होतं. मी रजिस्टरला नोंद केली, 'तक्रार नाही.' ज्या गावात बायकांना अक्षर ओळखू येत नाही, त्या गावाचं मत पेटीत टाकायला सांगणारा माणूस एकतर गाढव असतो किंवा फार हुशार असतो. आमच्या ऑफिसात दोन्ही जातीचे होते.

तानीबाईची लेक पारू तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. दोन वर्षांपूर्वी तिचं पहिलं बाळंतपण अडलं, तेव्हा दवाखान्याला कुलूप होतं. नर्सबाईंची नेमणूक गावातली. राहायच्या बेळगावात, महिन्यातून एकदा मस्टरवर सह्या करायला यायच्या. पारूला बैलगाडीत घालून निपाणीला नेलं आणि मूल वाटेतच गेलं. यावेळी पारूचे दिवस भरायच्या आत नर्स गावात मुक्कामाला यायला हवी, एवढं एकच तानीबाईच्या डोक्यात होतं. पेटीची गोष्ट कानावर आली तशी ती मष्णू मास्तरांना घेऊन घरोघर फिरायला लागली. ती विचारायची, मास्तर लिहायचे, खाली शाळेच्या शिक्क्याच्या पॅडवर बोट टेकवून अंगठा घ्यायचे.

गावानं तिचं स्वागत शिव्यांनी केलं. आजवर जिच्या शिव्या खाल्ल्या ती आता दारात उभी राहून मत विचारत होती, लोक सोडतात होय? गल्लीतल्या मालुबाईनं तर दारातच ऐकवलं, "तुझ्या लेकीला नर्स पायजे, अंगठं आमचं कशापायी?"

"माझ्या लेकीपायीच हाय," तानीबाई म्हणाली. "तुझ्या सुनंच्या पोटात काय धोंडा हाय व्हय?"

मालुबाईनं दार लावलं आणि थोड्या वेळानं सुनेला पुढे घालून अंगठा द्यायला आली. भरमूनं गावभर फिरवलं, कागदाला बोट लावेल तिला औषध मिळणार नाही. त्यावर तानीबाईनं दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून विचारलं, "कंचं औषिध? त्ये लाल पाणी? डोकं दुखलं तरी त्येच, पोट दुखलं तरी त्येच! ठेव तुझ्याकडंच, हळदीकुंकवाला वाट!"

असं भांडत, बोलणी खात तिनं दीड महिन्यात एकशेबारा अंगठे जमवले. मास्तरांनी प्रत्येकीचं गाऱ्हाणं तिच्याच शब्दांत टिपलं होतं. एकीनं सांगितलं होतं, दवाखान्यात बाळंतिणीला पायरीवर बसवतात. दुसरी म्हणत होती, 'खोकला म्हटलं की कंपौंडर तंबाखू सोड म्हणतो. मी खात न्हाय, मी वळते. सोडली तर खाऊ काय?' चाळीस वर्षं सरकारी कागद वाचण्यात घालवली, पण त्याहून खरा कागद माझ्या टेबलावर पुन्हा आला नाही.

तो आला तेव्हा साहेबांनी तो उजेडाला धरला आणि भुवया चढवल्या. एकूणएक अंगठे सारखे. नुसते जांभळे डाग. ना चक्र, ना शंख, ना एक रेघ.

"हे काय?" साहेब कानडीत म्हणाले. "एकाच हातानं मारलेत की सगळे."

आता इथं मला जे माहीत होतं ते सांगतो. दोनच महिन्यांपूर्वी सर्व्हिस बुकात वारस म्हणून आईचं नाव लावताना मी तिला ऑफिसात आणलं होतं. तिचा अंगठा तीनदा घेतला, तिन्ही वेळा डागच उमटला. वीस वर्षं पान वळून रेघा झिजून गेल्या होत्या. शेवटी हेडक्लार्क म्हणाले, जाऊ दे, खाली लिही 'माझ्यासमोर उमटवला' आणि सही कर. मी केली. आईनं ते ओट्यावर सगळ्यांना सांगितलंही. म्हणजे त्या एकशेबारा डागांचा अर्थ त्या ऑफिसात कुणाला कळत असेल तर तो मला कळत होता. साहेबांना एक वाक्य सांगायचं होतं. पण त्या वाक्यात माझी आई विड्या वळते हे आलं असतं. वारसाच्या कागदावर ते कुठंच आलं नव्हतं, आणि मला ते साहेबांना कळू द्यायचं नव्हतं. शिवाय माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती, आणि भरमू साहेबांच्या घरी तूप पोचवायचा. मी पुढची फाईल ओढली.

साहेबांनी तानीबाईला बोलावून घेतलं. ती आली ती हातात पिशवी आणि तोंडात आवाज घेऊन. मला बघताच म्हणाली, "जयभीम रं आण्णू! बरं झालं तू हाईस."

सगळं ऑफिस माझ्याकडे बघायला लागलं. साहेबांनी विचारलं, ही बाई कोण, ओळखतोस का?

"गोत्तिल्ल सर," मी म्हणालो. माहीत नाही.

कानडी तिला चांगलं कळत होतं. तिचा आवाज एकदम खाली आला. साहेबांनी कागद तिच्यासमोर आपटला आणि हे अंगठे खोटे असल्याचं सुनावलं. "खोटं कसं असतील?" ती म्हणाली. "आणा त्ये पॅड. हे बघा माजा." तिनं पॅडवर बोट दाबलं आणि साहेबांच्याच टेबलावरच्या कोऱ्या कागदावर टेकवलं.

डाग उमटला. हुबेहूब त्या एकशेबारा डागांसारखा.

साहेब हसले. "बघा, स्वतःच कबुली दिली! हिनंच मारलेत सगळे."

खरं दाखवायला गेली आणि तिथंच फसली. हे साहेबांच्या अंगठ्यानं झालं नसतं, माझ्याही नाही. पान वळणाऱ्या बाईच्याच अंगठ्यानं होणार. तानीबाईनं एकदा कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आण्णू, तुझ्या आईचा अंगठा बघितलाईस न्हवं? सांग की यास्नी. एक डाव सांग."

मी रजिस्टर उघडून त्यात तोंड घातलं. ती थांबली. चांगली थांबली, मी पान उलटेपर्यंत. मग पिशवी उचलून गेली. जाताना एक शिवी दिली नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. 'अर्ज बनावट, चौकशीअंती दप्तरी दाखल' हा शेरा माझ्याच अक्षरात आहे. माझं अक्षर चांगलं म्हणून साहेब असले शेरे मलाच सांगायचे.

पुढं अडीच महिन्यांनी भर दुपारी पारूला कळा लागल्या. दवाखान्याला कुलूप. दवाखान्याच्या पायरीवरच ती बाळंत झाली. मुलगा होता. नाळ गळ्याभोवती गुंडाळलेली होती, आणि ती सोडवणारं तिथं कुणी नव्हतं. पारू वाचली. पुन्हा तिला मूल झालं नाही, आणि वर्षाभरात नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं. त्या पायरीवरचा बोभाटा निपाणीच्या वर्तमानपत्रात आला, मग चौकशी झाली, साहेबांची बदली झाली आणि नवी नर्स गावात मुक्कामाला आली. वरातीमागून घोडं आलं. माझी नोकरी कायम झाली. आईनं गल्लीत पेढे वाटले. तानीबाईच्या दारात मात्र ती गेली नाही. तिला कुणी काय सांगितलं होतं मला माहीत नाही, मी विचारलंही नाही.

शहाऐंशी साली पुन्हा परिपत्रक आलं. पुन्हा जनतेचं मत. यावेळी कर्मचाऱ्यांनी घरोघर जाऊन फॉर्म भरायचे होते, आणि आमचं गाव माझ्या वाट्याला आलं. तानीबाईचं घर मी टाळणार होतो. मालुबाईनंच रस्त्यातून हाक मारून विचारलं, "तानीआक्काला भ्यालास व्हय रं?"

गेलो. ओट्यावर तानीबाई आणि पारू समोरासमोर सुपं घेऊन बसल्या होत्या. बस म्हणाली नाही. मी उभ्यानंच कानडी फॉर्म मराठीत वाचून दाखवला. मिळणाऱ्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात काय?

ती शिव्या घालेल म्हणून मी वाट बघत होतो. खरं सांगायचं तर मला त्या हव्या होत्या.

"लिही," ती म्हणाली, "नर्सबाई चांगली हाय. हाक मारली की येती. मालुबाईच्या सुनंची दोन्ही पोरं तिच्या हातची." मी लिहिलं. "आता लिही, तीन म्हैनं आदी आली आसती तर लई बरं झालं आसतं." तेही लिहिलं. माझं चांगलं अक्षर तिथं बिघडलं.

तिनं अंगठा टेकवला. मग सुपाकडे बघत म्हणाली, "पारूचा बी घे." पारूनं हात पुढं केला. तिला तिशीही लागली नव्हती. तिचाही डागच उमटला.

मी पॅड मिटायला लागलो तशी तानीबाई म्हणाली, "थांब. खाली लिही, ह्ये अंगठं माझ्यासमोर उमटवलं. आन् सही कर."

मी लिहिलं. सही केली.

"वाच."

मी पुटपुटत वाचलं.

"मोठ्यानं वाच. पारूला ऐकू जाऊंदे."

मी मोठ्यानं वाचलं. पारूनं मान वर केली नाही. तिच्या बोटांतली विडी तेवढी सुटली, तंबाखू सुपात सांडला, आणि तेच पान पुसून तिनं पुन्हा वळायला घेतलं.