मनालीचा भागाकार

दादाचा फोन आला तेव्हा मी शीळफाट्याला रिक्षात अडकले होते. ठाण्याहून कल्याणच्या हॉस्पिटलात निघालेले. "सावकाश ये आता," एवढंच तो म्हणाला. माझी भाची मनाली गेली होती... बारावीत होती. रिक्षावाल्याला पुढे ने म्हणू की मागे वळव, तेही मला सुचेना.

तिचा जन्म ठाण्याजवळच्या दिवा गावातला. वर्षाचीही नव्हती तेव्हा पांढरीफटक दिसायला लागली. रक्त कमी आहे म्हणून लोहाचं औषध सुरू झालं. आम्ही बीट, खजूर वाटून भरवत होतो आणि तिचं पोट फुगत चाललं होतं. शेवटी नौपाड्यातल्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी दादा-वहिनीचंच रक्त तपासायला लावलं. "लोह कमी असलं की लाल पेशी लहान होतात, आणि संख्येनेही घटतात," त्या म्हणाल्या. "तुमच्या दोघांच्या पेशी लहान आहेत, पण भरपूर आहेत."

"मला तर शाळेपासून लोहाच्याच गोळ्या देतायत," वहिनी म्हणाली.

पुढच्या तपासणीत थॅलेसेमिया निघाला. दादा-वहिनी नुसते वाहक, धडधाकट. मनालीच्या वाट्याला दोघांचाही दोष आला होता. मग दर काही आठवड्यांनी रक्त चढवणं आणि त्या रक्तातून साठणारं लोह काढायला आणखी गोळ्या. त्या तिला सोसायच्या नाहीत. ज्या लोहासाठी आम्ही धावाधाव केली, तेच तिच्या हृदयात साठत राहिलं... आणि आम्ही बघत राहिलो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीला, केतकीला, अ‍ॅनिमिया सांगितला. तीन महिने औषध घेऊनही फरक नव्हता. मनालीने रिपोर्ट हातात घेतला आणि एमसीव्ही, म्हणजे पेशींच्या सरासरी आकाराचा आकडा, लाल पेशींच्या संख्येने भागला. "आत्या, तेराच्या खाली आलं की थॅलेसेमियाचा संशय घ्यायचा. साडेअकरा आलंय." माझा चेहरा बघून म्हणाली, "अगं, ती माझ्यासारखी नाही. वाहक असेल नुसती. पण खात्रीची तपासणी करून घे." तपासणीत तेच निघालं. निकाल ऐकल्यावर मनालीने रिपोर्ट घडी घालून माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "केतकीच्या लग्नाआधी मुलाचं रक्त बघायचं. विसरू नकोस."

हॉस्पिटलात शेवटची भेटले तेव्हा तिला धाप लागत होती. "कंटाळा आला गं आत्या," म्हणाली. मी तिचे पाय चेपत बसले. दुसरं काय करणार होते?

परवा वहिनी माझ्याकडे आली. शेजारची सून बाळाला घेऊन दारात उभी होती. वहिनीने बाळाला कडेवर घेतलं आणि अंगठ्याने त्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लालभडक होतं. "रक्त चांगलं आहे हो," ती म्हणाली, बाळ परत दिलं, आणि तिथेच उंबऱ्याशी भिंतीला टेकून खाली बसली.