नानांच्या पाकिटातल्या दोन चिठ्ठ्या

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. देवापुढे उभा राहिलो तेव्हाही भलतंच काहीतरी मागून परत आलो. तुम्ही मला ओळखत नाही तेच बरं — ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ उचलणार नाही. आणि तसं पाहिलं तर मोठं काही नाही हो. चोरी नाही, मारामारी नाही. कागदाच्या चिठ्ठ्यांची गोष्ट आहे. चार वर्षं मी स्वतःला हेच सांगतोय, की चिठ्ठ्यांचीच तर गोष्ट आहे.

मी जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या एका कारखान्यात एचआर बघतो. ही नोकरी कशी असते सांगू? कामगार म्हणतात, हा मालकाचा माणूस. मालक म्हणतो, हा कामगारांना डोक्यावर बसवतो. पेढे वाटायचे मालकाच्या हातून आणि नोटीस लागायची माझ्या सहीने. दर महिन्याला मी कोणाला तरी 'उत्कृष्ट कामगार' म्हणून सर्टिफिकेट देतो, टाळ्या वाजवतो, फोटो काढतो. माझ्यासाठी कोणी टाळी वाजवल्याचं मला आठवत नाही. रडगाणं नाही हे. सगळ्याच एचआरवाल्यांचं असंच असतं.

म्हणूनच तर आम्ही जळगाव-धुळ्याच्या तीसेक जणांनी मंडळ काढलं. महिन्यातून एकदा भेटायचं, एकमेकांच्या अडचणी सोडवायच्या. कामगाराला द्यायची चार्जशीट कशी लिहू, फॅक्टरी इन्स्पेक्टर आलाय तर कोणतं रजिस्टर पुढे करू, असलं सगळं. मी सेक्रेटरी. मला कोणी निवडलं नव्हतं — हॉल बघ, चहा सांग, मेसेज टाक, असं करता करता झालो. आणि हिवाळ्यात वर्षातून एकदा असोद्याला एका सभासदाच्या शेतात भरीत पार्टी. काड्यांवर वांगी भाजायची, बडगीत, म्हणजे लाकडाच्या खोलगट भांड्यात ठेचायची, केळीच्या पानावर भरीत-पुरी. त्याच दिवशी आमचा डबा उघडायचा.

डबा म्हणजे साधा स्टीलचा, लाडवांचा असतो तसा. आदल्या महिन्याच्या बैठकीत तो सगळ्यांपुढे फिरायचा. मंडळातल्या ज्याने वर्षभरात आपल्याला मदत केली, त्याच्या नावाने चिठ्ठी लिहून टाकायची. लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव घालायचं नाही, म्हणजे कोणाला लाज नको, कोणाला मिंधेपणा नको. मग सेक्रेटरीने, म्हणजे मी, ज्याच्या त्याच्या चिठ्ठ्या वेगळ्या करून पाकिटात भरायच्या. पार्टीत प्रत्येकाच्या एक-दोन मोठ्याने वाचायच्या आणि पाकीट हातात द्यायचं. बाकीच्या त्याने घरी जाऊन वाचायच्या. कोणाला किती मिळाल्या हे माझ्याशिवाय कोणाला कळायचं नाही. हे लक्षात ठेवा — माझ्याशिवाय कोणाला नाही.

आता वामननाना. धुळ्याच्या अवधान एमआयडीसीतल्या एका तेलाच्या कारखान्यात होते. टाइम ऑफिसात क्लार्क म्हणून लागले आणि तिथेच वर चढत गेले. डिग्री-बिग्री काही नाही. बैठकीला एसटीने यायचे, कापडी पिशवी मांडीवर घेऊन मागच्या खुर्चीत बसायचे. आम्ही लॅपटॉप उघडून मोठमोठे शब्द फेकायचो, नाना गप्प ऐकायचे. पण बैठक संपली की लोक नानांभोवती. नाना, असं झालंय. नाना, कसं करू? आणि ते आपलं शांतपणे, "आधी त्या माणसाच्या घरी जाऊन ये, मग कागद लिही." दर वेळी जवळपास हेच उत्तर. मला त्याचा राग यायचा. का यायचा? येईन त्यावर, थोडं थांबा.

चार वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये नाना रिटायर होणार होते, म्हणजे ती त्यांची शेवटची पार्टी; म्हणून लोकांनी जुन्या मदतीबद्दलही लिहिलं होतं. आदल्या दिवशी दुपारी मी केबिनचं दार लावून डबा टेबलावर उलटा केला. एकेक चिठ्ठी उघडत गेलो. वामननाना. वामननाना. परत वामननाना. माझ्या नावाच्या तीन निघाल्या. तीन! वर्षभर हॉल मी बघायचा, पुऱ्यांचा हिशेब मी ठेवायचा, धुळेकरांना स्टँडवरून आणायला गाडी मी पाठवायची — आणि तीन चिठ्ठ्या, त्यातल्या एकीत 'नियोजन छान' एवढंच. नानांच्या पंचवीस होत्या.

पोटात दुखलं. सरळ सांगतो, पोटात दुखलं. पण एवढ्यावरच असतं तर मी तसाच कुढत पाकीट भरलं असतं. हेवा मला नवा नव्हता.

एक चिठ्ठी होती. अक्षर मी लगेच ओळखलं — मनीषाचं, माझ्याच ऑफिसातली, माझ्या हाताखालची, मंडळात मीच आणलेली. तिने लिहिलं होतं, 'नाना, गेटवरच्या त्या दिवशी आमच्या साहेबांना हाताला धरून तुम्ही बाहेर आणलंत. आमचा कारखाना त्या दिवशी तुमच्यामुळे वाचला.'

गेटवरचा दिवस सांगतो. त्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. आमचा एक कामगार चार-पाच दिवस आला नाही. मी हजेरीचा कागद बघितला आणि गैरहजेरीची नोटीस काढली, घरी पाठवून दिली. साधी चौकशी केली नाही. तो माणूस दवाखान्यात होता — आमच्याच मशीनमध्ये रात्रपाळीला त्याची बोटं गेली होती. नोटीस त्याच्या बायकोच्या हातात पडली. दुसऱ्या दिवशी तीनशे माणसं गेटवर बसली. आणि मी? मी केबिनला आतून कडी लावली. मालक फोनवर ओरडत होता, बाहेर माझ्या नावाने घोषणा, आणि मी खुर्चीत बसून धुळ्याला फोन लावला. नाना लगेच मिळेल त्या बसने निघाले. आधी दवाखान्यात जाऊन त्या माणसाला भेटले. मग गेटवर येऊन सरळ मातीत बसले, कामगारांशी अहिराणीत बोलत राहिले. तासाभराने माझ्या केबिनपाशी आले, म्हणाले, चला. मी कडी काढली, पण दारातच थांबलो. त्यांनी माझा हात धरला, लहान पोराला धरतात तसा, आणि मला तीनशे माणसांसमोर उभं केलं. मी माफी मागितली. लोक उठले. संध्याकाळी मालकाने विचारलं तेव्हा नाना म्हणाले, तुमच्या साहेबांनीच सगळं ठरवलं होतं, मी फक्त सोबतीला आलो. चार महिन्यांनी मी मॅनेजर झालो. नानांनी ही गोष्ट कधी, कुठेही काढली नाही. आणि मी त्यांना साधं 'नाना, तुम्ही होतात म्हणून' एवढंही म्हटलं नाही.

आता कळलं, राग का यायचा? ते समोर आले की मला माझी कडी आठवायची.

तर मनीषाची चिठ्ठी मी बाजूला काढली. पार्टीत नको, घरी जाऊन वाचतील तर वाचू देत — असं म्हणून आधी परत पाकिटात घातली. मग वाटलं, नानांनी तिथेच उघडली तर? कोणाला वाचायला दिली तर? पुन्हा काढली. तेवढी एक काढून थांबता आलं असतं ना? नाही थांबलो. दुसरी काढली, तिसरी काढली. हात चालतच राहिला. शेवटी पाकिटात दोन उरल्या. एक 'नाना, निवृत्तीच्या शुभेच्छा' अशी, कोणाची कोण जाणे. दुसरी माझीच — 'आपल्या मार्गदर्शनाबद्दल आभार.' असली ओळ मी दिवसाला दहा पत्रांत लिहितो. ज्या माणसाने हात धरून मला उभं केलं त्याला मी ती लिहिली होती. तेवीस चिठ्ठ्या मी ड्रॉवरमध्ये टाकल्या.

पार्टीत दोन्ही मोठ्याने वाचल्या. टाळ्या पडल्या. बाकीच्यांना वाटलं, आपली चिठ्ठी पाकिटात असणार. नानांनी पाकीट दोन्ही हातांनी घेतलं, पिशवीत जपून ठेवलं आणि धुळ्याच्या बसला निघाले.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. आधी अहिराणीत इकडचं तिकडचं. पोरं कशी शेतस, कारखाना कसा चालू शे. मग म्हणाले, "दिलीपभाऊ, एक इचारू का? पाकिटात दोनच चिठ्ठ्या होत्या. बाकीच्या कुठं पडल्या-बिडल्या तर नसतील ना?"

ऐकलंत? वाट त्यांनीच काढून दिली होती. 'हो नाना, ड्रॉवरमध्ये राहिल्या बघा' — एवढं म्हणायचं होतं. तेवीसच्या तेवीस माझ्या गुडघ्यापाशी, ड्रॉवरमध्ये होत्या. मनीषाची तेवढी ठेवून घेतली असती तरी चाललं असतं.

मी म्हणालो, "नाही नाना. तेवढ्याच होत्या."

"बरं बरं," ते म्हणाले. "दोन तर दोन." आणि उगाच हसले.

फोन ठेवला आणि उठून मी तेवीस चिठ्ठ्या ऑफिसच्या कागद कापायच्या मशीनमध्ये घातल्या. त्यांनी पुन्हा विचारलं असतं तर मी डगमगलो असतो, म्हणून. डगमगायची सोयच ठेवली नाही.

पुढचं ऐकायला सोपं नाही. नानांनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काही लिहिलं नाही. लिहिणार काय, दोन चिठ्ठ्यांवर? बैठकीला येणंही बंद झालं. इकडे मंडळात कुजबूज सुरू झाली. भुसावळच्या एकाने मला म्हटलं, आम्ही एवढं मनापासून लिहिलं, पण नानांनी साधं 'पोचलं' म्हणूनही कळवलं नाही. रिटायर होतायत, गरज संपली. मी काय म्हणालो असेन? "असेल," म्हणालो. माझा तो एक शब्द सगळ्या मंडळाला पुरला. मार्चमध्ये नाना रिटायर झाले तेव्हा निरोपाला मंडळातलं कोणी गेलं नाही. ते समजत होते, लोकांना आपली किंमत नाही. लोक समजत होते, नानांना आपली किंमत नाही. मधे मी उभा होतो, आणि मला दोन्ही बाजूंचं माहीत होतं.

गेल्या वर्षी नाना गेले. झोपेतच. ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. दारावर, म्हणजे घरच्यांना भेटायला, मात्र मी एकटा गेलो. का गेलो? मला वाटलं, तिथे गेलं की जीभ सुटेल.

त्यांची मुलगी शुभांगी माझ्यासमोर बसली. सांगत होती, बाबा शेवटी शेवटी कोणाचा फोन घ्यायचे नाहीत. म्हणायचे, मी आयुष्यभर उगाचच लोकांना सल्ले देत बसलो, त्यांना नको होते ते. पार्टीवरून आले त्या दिवशी हातपाय धुतले, पाकीट आईच्या हातात दिलं, म्हणाले, वाच. आईने दोन वाचल्या आणि पाकीट हलवून पाहिलं. मग दोघंही जेवायला बसले.

आणि ती म्हणाली, "त्यातली एक तुमची होती ना काका? बाबांनी अक्षर ओळखलं होतं. म्हणायचे, जळगावात आपला एक तरी माणूस शे."

आतल्या खोलीत काकू, नानांच्या पत्नी, होत्या, त्यांच्या कानावर हे जात होतं. मी मान हलवली. हो म्हणालो. शुभांगीने चहा दिला, तो प्यायलो. काकू बाहेर आल्या, एवढ्या लांबून आलात म्हणून त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. मीही जोडले. मग चपला घालून निघालो.

मंडळ चालू आहे. डबा दर हिवाळ्यात फिरतो, पाकिटं मीच भरतो. त्या तेवीस चिठ्ठ्या मी त्या दुपारी एकदाच वाचल्या होत्या. एकाने लिहिलं होतं की नानांनी सांगितलं म्हणून तो कामावरून काढलेल्या माणसाच्या घरी गेला, आणि ते घर बघून त्याने ऑर्डर फाडली. एकीने लिहिलं होतं, पहिल्या नोकरीत ती रोज रडायची, नाना रोज संध्याकाळी पाच मिनिटं फोन करायचे. अशा मला सात-आठ आठवतात. बाकीच्यांत काय होतं ते आठवत नाही. खूप प्रयत्न केला, आठवत नाही. लिहिणारेही आता विसरले असतील. नानांसाठी लिहिलेलं ते सगळं मी एकट्याने वाचलं, आणि मीही विसरलो.