नाव सांगा, गाऱ्हाणा घालतंय

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा अर्ध्यावर येऊन सगळं पुसून टाकलं. कारण गंगारामकाकांनी आधीच बजावून ठेवलेलं, "माझ्यावर काय लिवतंस गो? आमच्या म्हशीवर लिव, ती माझ्यापेक्षा देखणी आसा." पण काल परत कुणाच्या तरी फोटोखाली कुणीतरी बिननावाने घाण लिहिलेली वाचली आणि बसवेना. म्हशीने माफ करावं.

तर गंगारामकाका. मसुऱ्याच्या पुढे खाडीच्या अंगाला आमची वाडी, आणि काका वाडीचे गाऱ्हाणेकरी. म्हणजे देवळासमोर उभं राहून सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलायचं. मनातल्या मनात नाही, हात जोडून पुटपुटत नाही, चांगलं खणखणीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. कुणाची गाय हरवली, कुणाच्या झिलाचं, म्हणजे मुलाचं, लग्न जमत नाही, कुणाच्या विहिरीला पाणी नाही, ते त्या माणसाचं नाव, गाव, वाडी घेऊन देवाला सांगायचं. आणि प्रत्येक वाक्याला मागे उभ्या असलेल्यांनी एका दमात साथ द्यायची, "व्हय म्हाराजा!"

ही साथ सगळ्यात आधी उचलतो तो जितेंद्र. काकांच्या पाठीमागे ढोल घेऊन उभा असतो. बाजारात त्याचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे, पण वाडीत तो ढोलवाला जितेंद्र. त्याने ढोलावर टिपरू मारलं की मगच बाकीचे तोंड उघडतात.

आता हे सगळं फोनवर आलं ते काकांच्या सुनेमुळे, नम्रतामुळे. वाडीतल्या ख्रिस्ती मच्छीमाराने, कॉस्मेने, नवीन होडी घेतली. पाद्र्याने येऊन तिच्यावर पाणी शिंपडलं, प्रार्थना म्हटली, सगळं झालं, आणि मग कॉस्मे काकांकडे आला. "आमच्या बाजून झाला हां सगळा. आता तुझ्या बाजून पण दोन शब्द सांग रे. दर्यात खंयच्या देवाची पाळी आसा ता आपणाक काय म्हायत?" काकांनी किनाऱ्यावर उभं राहून होडीसाठी असं काही गाऱ्हाणं घातलं की कॉस्मेची बायको रडली आणि कॉस्मे स्वतः सगळ्यात मोठ्याने "व्हय म्हाराजा" ओरडला. नम्रताने ते फोनवर घेतलं आणि इंटरनेटवर टाकून दिलं. दोन दिवसात मुंबईपासून मस्कतपर्यंतच्या मालवण्यांनी ते पाहिलं.

मग काय! नम्रता काकांची आणखी गाऱ्हाणी टाकत गेली. काका रोज संध्याकाळी पडवीत चष्मा लावून बसायचे आणि नम्रता एकेक कमेंट वाचून दाखवायची.

"मामांनू, हो दुबईतसून लिवता. म्हणता, डोळ्यात पाणी इला."

"कोणाचो गो तो? इचार, घरातली बरी आसत मा?"

प्रत्येकाला उत्तर जायचं. घरातली बरी आहेत ना. लोकांना भारी मजा वाटायची. काकू, म्हणजे यशोदाकाकू, आतून ओरडायच्या, "माझी चौकशी कधी केल्यान नाय इतक्या वर्सात, दुबईवाल्याची करता!"

आणि मग आला कुर्लो.

नाव 'वाकडो कुर्लो'. फोटोच्या जागी कुर्ल्याचं, म्हणजे खेकड्याचं चित्र. गाव नाही, माणूस नाही, काही नाही. काकांच्या प्रत्येक व्हिडिओखाली तो हजर. पहिल्यांदा लिहिलं, "ह्यो गाऱ्हाणेकरी की फाटको कोंबडो?" त्याला ढीगभर लोक हसले. हसले म्हटल्यावर कुर्ल्याला जोर चढला. "देव बहिरो झालो ह्येचा ऐकान." "म्हातारो फेमस होवक बघता." "देवाच्या नावार दुकान." आणि त्याचं बघून बाकीचे पण आले. कुणाचं नाव 'राजा माणूस', कुणाच्या नावाजागी नुसते आकडे, कुणाच्या फोटोत वाघ, कुणाच्या फोटोत सूर्यास्त. एकेकजण येणार, दगड टाकणार आणि जाणार.

नम्रता आधी ते गाळून वाचायची. पण काकांच्या लक्षात आलं. "मधीच गप कित्याक होतंस? वाच." तिने वाचलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातलाच नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा आवाज खाली गेला. म्हशीला हाक मारायची तर तिच्या कानाजवळ जाऊन मारायला लागले. म्हैस पण चक्रावली. आणि जत्रा तोंडावर आली तेव्हा मानकरी सुपारी घेऊन आले, तर काकांनी सुपारीला हातच लावला नाही. "अवंदा दुसऱ्याक बघा. माझो आवाज फाटलो हा."

दुसरा होताच कोण? काकांचे वडील घालायचे, मग काका. मानकरी सुपारी पडवीतच ठेवून गेले. आता जत्रेत गाऱ्हाणं कोण घालणार, हा प्रश्न सगळ्या वाडीच्या तोंडी झाला. काकांच्या एकट्याच्या तोंडी नव्हता, कारण ते बोलतच नव्हते.

"मामांनू, मी तेंका ब्लॉक करतंय," नम्रता म्हणाली.

"म्हणजे काय करतंस?"

"म्हणजे... दार लावून घेवचा. आत येवकच देवचा नाय."

"दार लावूक तो दारात खंय उभो आसा? तोंड तरी दिसाक व्हया मा माणसाचा!"

काकू शेजारी बसून बांगडे साफ करत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "वळखीचो नाय, पाळखीचो नाय, तुमच्यावर एवढो राग कित्याक काढीत? तेच्या घरात कायतरी बिनसलेला असतला. सुखी माणूस कोंबड्याच्या आवाजाक इतको वैतागना नाय."

काका एकदम सरळ बसले. कारण ही गोष्ट त्यांना माहीत होती! इतकी वर्षं दारात माणसं येत होती ती हसत थोडीच येत होती? कुणी भावाला शिव्या देत यायचं, कुणी देवालाच शिव्या देत यायचं, आणि बसवून पेज पाजली की खरं दुखणं बाहेर पडायचं. काकांना वाटलं, अरे, म्हणजे ही एवढी माणसं अडचणीत आहेत आणि मी आपला स्वतःच्या आवाजाचं घेऊन बसलोय.

"नम्रता, लिव. एकेकाक लिव. तुमचा नाव सांगा, गाव सांगा, वाडी सांगा. तुमच्यासाठी गाऱ्हाणा घालतंय."

"मामांनू..."

"लिव गो! नावाशिवाय गाऱ्हाणा घालतत काय? देवाक कळाक नको, कोणासाठी ता?"

तिने लिहिलं. प्रत्येक वाईट कमेंटखाली, हात जोडल्याच्या चित्रासकट. आपलं पूर्ण नाव, गाव व वाडी कळवावी. आपल्यासाठी देवळात गाऱ्हाणं घालणार आहे. गंगाराम.

आणि जी पळापळ झाली! तासाभरात कमेंट गायब व्हायला लागल्या. वाघ गेला. सूर्यास्त गेला. आकडेवाला लिहून गेला, "काका सॉरी, माझ्या भावाने फोन घेतलेला." 'राजा माणूस' म्हणाला, त्याचं अकाऊंट हॅक झालं होतं आणि त्याचा गाऱ्हाण्यावर पहिल्यापासून विश्वास आहे. एका बाईने तर पुण्याहून नम्रताला वेगळा मेसेज करून विचारलं की कमेंट काढून टाकली तर चालेल का, की देवळात येऊन नारळ ठेवावा लागेल?

नम्रता हसून हसून पडवीत आडवी झाली. काका मात्र खरंच हिरमुसले.

"असे कसे सगळे पळाले? मी भल्यासाठी इचारलंय!"

"मामांनू, तेंका वाटला तुम्ही तेंच्यावर गाऱ्हाणा घालतालास! वाटोळा होवक!"

"वाटोळा? मी?" काकांना ते पटेचना. "आणि मगे नाव इचारून वाटोळा करीन काय मी?"

"तुमका नाय कळाचा ता," काकू म्हणाल्या. "जा, हात धुवन येवा, बांगडे थंड होतत."

एकटा कुर्लो तेवढा हटला नाही. त्याचं उत्तर आलं, "नाव सांगूचंय नाय. काय करतलंस?"

काकांनी नम्रताला सांगितलं, लिव. "काय करूचंय नाय बाबा. बिननावाचा गाऱ्हाणा पोचाक जरा येळ लागता, इतक्याच. धीर धर."



जत्रेच्या सकाळपर्यंत सुपारी पडवीत तशीच. काका अंघोळ करून आले, धोतर नेसले, आणि काकूंना काही न सांगता सुपारी उचलून कनवटीला लावली. काकूंनी पाहिलंच.

"आवाज फाटलेलो मा तुमचो?"

"फाटलो तर फाटलो. तेचा गाऱ्हाणा ऱ्हवला मा."

"कोणाचा?"

"कुर्ल्याचा. तो नाव देना नाय, मगे दुसरो कोण घालतलो तेच्यासाठी?"

संध्याकाळी देवळासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. मुंबईवाले, गोव्याहून आलेले, पोरंटोरं, आणि एका बाजूला कॉस्मे, पांढरा शर्ट घालून. काका उभे राहिले. मागे जितेंद्रने ढोल सावरला. पहिला शब्द घोगराच निघाला, आणि काकांना वाटलं, संपलं. पण मागून टिपरू पडलं, "व्हय म्हाराजा!" उठलं, आणि त्या आवाजाने काकांचा आवाज उचलून धरला.

मग धो धो सुरू झालं. शेताचं झालं, आंब्या-काजूचं झालं, दर्यावर जाणाऱ्यांचं झालं, पोटासाठी परमुलखात गेलेल्यांचं झालं. आणि मग काका थोडे थांबले.

"बा देवा म्हाराजा! आणि एक लेकरू आसा तुझा! तेचा नाव माका म्हायत नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तो कुर्ल्यासारखो बिळात ऱ्हवान बोलता रे म्हाराजा! तेका बिळात काळोख वाटत असतलो, तेका भायर काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" लोक हसत होते पण ओरडत होते.

"तेच्या घरात काय अडला-नडला आसात ता दूर कर! तेका चार माणसात बसव, तेका गोड झोप दी, आणि जा काय तो माका बोललो, ता तेच्या पदरात बांधू नको रे म्हाराजा!"

आणि ढोल वाजलाच नाही.

लोकांची तोंडं उघडी राहिली, कारण टिपरू पडल्याशिवाय उचलायची सवयच कुणाला नाही. काकांनी मान वळवली. जितेंद्र ढोलाकडे बघत उभा होता आणि त्याच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.  इतक्या वर्षांत, तापात असताना, बाप गेला त्या वर्षीसुद्धा, ह्या माणसाचं टिपरू कधी चुकलं नव्हतं.

काकांना कळलं. तिथल्या तिथे कळलं. त्यांनी मान परत देवाकडे केली आणि शेवटचं वाक्य पुन्हा म्हटलं, जरा हळू, जितेंद्रला वेळ मिळावा म्हणून. टिपरू पडलं. "व्हय म्हाराजा!" एवढं मोठं झालं की देवळावरची कबुतरं उडाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जितेंद्र जत्रेतल्या गोड खाज्याची पुडी घेऊन दारात. काका म्हशीचं शेण काढत होते.

"काकांनू, तो कुर्लो..."

"म्हायत आसा."

"मी..."

"म्हायत आसा रे. बस."

जितेंद्र बसला. मग त्याचं सुरू झालं ते थांबेना. व्हिडिओत सगळीकडे काकाच दिसायचे, त्याचा नुसता हात आणि अर्धा ढोल. दुकानात दिवसभर मिक्सरशी बोलून कंटाळलेला. गंमत म्हणून एक लिहिलं. "तेका लोक हसले काकांनू. माका कोण हसता? मी मस्करी केलंय तर बायल म्हणता पंख्याचा बघा. त्या नावान लिवताना वाटायचा, हो मी नायच. आणि तुम्ही पण ते तुम्ही नाय. फोनातलो कोणतरी म्हातारो."

काका हात धुऊन त्याच्यासमोर येऊन बसले. गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ.

"आता म्हण."

"काय?"

"जा लिवलंस ता. माझ्या तोंडाकडे बघून म्हण."

"नको काकांनू."

"म्हण रे! लिवताना बरा येय होता."

जितेंद्रने तोंड उघडलं. "तुमचो आवाज म्हणजे... फा... फा..." आणि पुढे सरकेना. घाम फुटला. परत प्रयत्न केला. "फा..." काका भुवया वर करून वाट बघत बसले, अगदी मास्तरासारखे. शेवटी आतून काकू कावल्या, "फाटको कोंबडो! म्हणाक येना नाय काय मेल्या? मी लग्न झाल्यापासून म्हणतंय!"

"तुझा वेगळा गो," काका म्हणाले. "तू समोर म्हणतंस."

आणि मग तिघंही असे हसले की नम्रता काय झालं म्हणून धावत बाहेर आली. कळल्यावर ती मात्र लगेच हसली नाही. तिने जितेंद्रला चांगलं सुनावलं, की मामा तीन आठवडे नीट जेवले नव्हते, हे कुर्ल्याला माहीत होतं का? जितेंद्र खाली बघून ऐकत राहिला. ऐकायलाच हवं होतं. मग तिने त्याला चहा दिला, साखर जरा कमी घालून.

जितेंद्र त्याच दिवशी कुर्लो बंद करणार होता. काकांनी करू दिला नाही. "मारू नको तेका. नाव बदल आणि ऱ्हव." आता खेकड्याच्या जागी जितेंद्रचा ढोलासकट फोटो आहे, खाली नाव, गाव, वाडी. टोमणे मारायचं त्याने सोडलेलं नाही. परवाच लिहिलं, "आज काका मध्येच श्वास घेवक थांबले, माका वाटला गेले." त्यावर काकांचं उत्तर, "तुझ्या ढोलाक भोक पडला म्हणान थांबलंय." लोक आधीपेक्षा जास्त हसतात. आणि नम्रता आता व्हिडिओ घेताना दोन पावलं मागे सरकते, जितेंद्र पूर्ण दिसावा म्हणून.

आता मी काय म्हणते, तुम्ही पण कुणाला तरी कधीतरी असं काही लिहिलं असेल, नाव न सांगता, नाहीतर नाव सांगून पण लांबून. किंवा लिहिलं नसेल, नुसतंच मनात धरून ठेवलं असेल. फोन करू नका, मेसेज तर अजिबात नको. उठा आणि जाऊन भेटा, ह्याच आठवड्यात, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ बसा. बोलायला जमलं नाही तरी चालेल. जाऊन तर या.