सागवानामागची वायर

"फोर के पाहाले डोळे लागते भाऊ, टीव्ही तं कोणीबी घेते," असं रईस एकदा गिऱ्हाइकाला तोंडावर म्हणाला होता. आलापल्लीत टीव्हीचं काम जाणणारा तो एकटाच, म्हणून लोक त्याला सहन करत. तोही त्यांना सहनच करत असे.

लाकडाचे ठेकेदार लटारूभाऊ यांनी बैठकीची अख्खी भिंत सागवानानं मढवली होती. मधोमध पासष्ट इंची टीव्ही. जन्मभर झाडं कापलेला हा माणूस दुपारी व्याह्यांना पडद्यावर जंगल दाखवणार होता. पण हरीण दोन पावलं चाले आणि पडदा काळा होई, म्हणून सकाळीच रईसला बोलावलं.

रईसनं नेट पाहिलं; चांगलं होतं. मग पिशवीतली स्वतःची वायर सेट-टॉप डब्यातून थेट टीव्हीला जोडली. हरीण सरळ पाण्यापर्यंत गेलं. दोष जुन्या वायरीचा होता. सुतारानं ती सागवानामागं ठोकून बंद केली होती, आणि फोर केचा भार तिला पेलत नव्हता.

"फळी काढा, नाईतर ही वायर बाहेरून राहू द्या."

"सागवानावर वायर लोंबून राह्यली तं व्याही काय म्हणतीन? सेटिंगमदी कर काय ते."

"सेटिंगनं वायर नवी होत नाई, भाऊ."

"मंग माह्या लॉजच्या चौदा टीव्हीचं काम दुसऱ्याले देऊ काय?"

लोक मोबाईलवर पाहू लागल्यापासून रईसचं दुकान ओस होतं. ते काम त्याला हवं होतं. त्यानं आपली वायर काढली, जुनी जोडली आणि चित्राची बारकाई चौथ्या हिश्शावर आणली.

"आता अडकणार नाई. पण हे फोर के नाई."

"कोणाले समजते?"

खरंच कोणाला समजलं नाही. व्याही चिवडा चघळत म्हणाले, "केसन् केस दिसून राह्यला." विहीणबाईंना हरणाच्या पापण्याही दिसल्या. जे नव्हतंच, ते सगळ्यांनी पोटभर पाहिलं. फक्त जावई प्रणित पुटपुटला, "मले नाई वाटत हे फोर के."

पडदा पुन्हा अडकला तर म्हणून लटारूभाऊंनी रईसला थांबवून घेतलं होतं. ते हसले. "मेकॅनिक इथीच आहे ना. सांग रे रईस, हे फोर के आहे का नाई? उद्या लॉजवर तूच बसवणार आहेस."

सगळे वळून पाहू लागले. रईसनं वायरीची गुंडाळी केली, पिशवीत टाकली, दारातल्या चपला पायात सरकवल्या आणि लॉजचं काम मागं सोडून निघून गेला.