धुतलेलं टेंपे

सोयाबीन उकडल्याचा वास आला की अकोटचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. आजारपणाने बाबा खंगले होते. डॉक्टरांनी प्रथिनं वाढवायला सांगितली, म्हणून मी टेंपे, सोयाबीन आंबवून करतात तो इंडोनेशियन पदार्थ, घरी लावलं. सोयाबीन भिजवून, सोलून, उकडून, बुरशीचं विरजण चोळून उबेला ठेवलं. दोन दिवसांत दाण्यांना हवी तशी पांढरीशुभ्र बुरशी धरून घट्ट वडी झाली. संध्याकाळी ऑफिसातून आले, तर आई ती नळाखाली घासत होती. "बुरशी आलेलं ह्यांना कसं खाऊ घालू?" त्या बुरशीनेच ते पचायला हलकं होतं, हे सांगितल्यावर तिने नळ बंद केला. दुसरी वडी तिनेच लावली. ती तयार होईतो बाबा नुसत्या पेजेवर आले होते. आता घरात आम्ही दोघीच. टेंपे कापताना आई अजून विचारते, "हे धुवायचं नाही ना?"