भिंतीवर लावलेले अलंकार

गाइडमधलं चंद्रासारखं मुख शिकवून शिकवून मला वीट आला होता. तिसगावच्या शाळेत मी आठवीला मराठी शिकवते. पोरं उपमा, रूपक घडाघडा पाठ म्हणतात आणि एखादं उदाहरण विचारलं, की छताकडे बघत बसतात. म्हणून गेल्या वर्षी मी चिडून सांगितलं, घरात कान उघडे ठेवा आणि कुणाच्या तोंडून निघालेला एक तरी अलंकार लिहून आणा.

काय पीक आलं म्हणून सांगू! 'बाबांचं घोरणं ऐकून शेजारची म्हैस दावं तोडते', ही अतिशयोक्ती. 'आमची मोटारसायकल सोमवारी रुसून बसते', ही चेतनगुणोक्ती. मी इतकी खूश झाले, की सगळे कागद पोरांच्या नावांसकट वर्गाच्या भिंतीवर लावून टाकले. दुसऱ्या दिवशी पालकसभा आहे, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

सभेला एक आजी सुनेला घेऊन आल्या. नातीचा कागद शोधला आणि अक्षरांवर बोट ठेवत मोठ्यानं वाचला, "आई म्हणते, आजीची जीभ म्हणजे कडबा कुट्टीचं मशीन."

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. आता घरी गेल्यावर या बिचारीची काही खैर नाही, आणि हा उद्योग माझा, या विचारानं मी तो कागद काढायला पुढे झाले.

"बाई, ह्यो कंचा अलंकार?" आजींनी मला विचारलं.

"रूपक," मी पुटपुटले. "जीभ मशीनसारखी म्हटलं तर उपमा होते. जीभ म्हणजेच मशीन म्हटलं, की रूपक."

"म्हंजी 'सारखी' म्हनायची बी सवलत दिली न्हाई हिनं मला!"

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मला मात्र हसायची हिंमत झाली नाही.

"आता माझं बी लिवून घ्या," आजी फणकारल्या. "ही सून म्हंजी त्या मशीनची मोटर. दिवाळीला माहेरी गेल्ती, तवा माझं तोंड बंदच हुतं. घर नुसतं खायला उठलं."

सुनेनं पदर डोळ्यांना लावला. "आत्या, हे घरी कदी बोलला न्हाईत तुमी."

"घरी मला कुनी असला अभ्यास दिला हुता का?"