शेजारच्या खिडकीची रांग

माणसाचा हात हातात कसा घ्यावा, हे जगात फक्त एकाच बाईला कळतं, आणि ती बाई इथे परदेशात, पेनरोजच्या आमच्या ट्रकच्या डेपोत नेमकी माझ्या शेजारच्या खिडकीत बसते. तरुणपणी ती जपानमध्ये गाणाऱ्या-नाचणाऱ्या मुलींच्या एका ताफ्यात होती. प्रत्येकीचा रंग ठरलेला, हिचा पिवळा. कार्यक्रम संपला की चाहते आपापल्या लाडकीसमोर रांग लावत, आणि तिनं एकेकाचा हात दोन्ही हातांत घेऊन दोन शब्द बोलायचे. गाणं सुटलं, देश सुटला, पण ही सवय सुटली नाही. आजही तिचा डबा पिवळा, छत्री पिवळी, पायातल्या रबरी जँडल्ससुद्धा पिवळ्या. ट्रकवाला आला की कागदाआधी ती त्याचा हात घेते आणि मागच्या खेपेला अर्धं राहिलेलं बोलणं तिथूनच पुढे सुरू करते. मी रिकाम्या खिडकीतून घसा खाकरून म्हणतो, "इकडे या, लगेच करून देतो." "स्वीट अ‍ॅज, ब्रो, काही घाई नाही, आम्ही थांबतो," तिच्या रांगेतले म्हणतात. मी घरातला पहिला पदवीधर. पाथर्डीत लोक अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडे यायचे. इथे खिडकीत फक्त वारा येतो.

इथवर चाललं असतं. पण आई सहा महिन्यांसाठी आली, आणि दिवाळीला मी या बाईला फ्लॅट बुशला माझ्या घरी बोलावलं. तिनं आईचा हात धरला, आईनं गुडघ्याचं गाऱ्हाणं सांगितलं, भाषांतर मी केलं. पुढच्या शनिवारी ती न बोलावता हजर, आणि दारातूनच मराठीत, "आई, गुडघा?"

झालं! मला शिकवताना जिनं स्वतःची एक हौस केली नाही, ती माझी आई दर शनिवारी सकाळपासून पिवळ्या छत्रीची वाट बघू लागली. मी शंकरपाळ्यांचा डबा उघडला की, "राहू दे, ती यायचीय."

"अगं, मुलगा मी आहे!"

"मग विचारतोस का कधी काही?"

"रोज विचारतो की, जेवलीस का म्हणून."

"उत्तर ऐकायला थांबतोस कुठं?"

जळफळत मी एकदा बाईला म्हटलं, "तिकडे जपानमध्ये तुझी रांग सगळ्यांत मोठी असेल, नाही?"

ती हसली. "सगळ्यांत लहान. पहिल्या नंबरच्या मुलीची रांग दाराबाहेर जायची. माझ्याकडे थोडेच यायचे. ते पुन्हा यावेत म्हणून मी एकेकाचं सगळं लक्षात ठेवायची."

त्यानंतर तिच्यावर रागावणं अवघड झालं. हेवा मात्र होता तिथेच राहिला.

आई परत निघाली तेव्हा विमानतळावर तीही आली, पिवळा स्वेटर घालून. आईचा हात दोन्ही हातांत घेऊन काहीतरी बोलली, आणि मागच्या माणसाला जागा द्यावी तशी बाजूला झाली. मागे मीच होतो. एका हातात आईचा पासपोर्ट, दुसऱ्यात तिची बॅग. दोन्ही खाली ठेवले आणि आईचा हात धरला.

"आई, गुडघा?"

"आत्ता विचारतोस होय रे?" म्हणाली, आणि सांगायला लागली. मागची माणसं खोळंबली होती. तिचं सांगून संपेपर्यंत मी थांबलो.